जाळीच्या घराघरात कोंडलेली हवा

व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर सोळाव्या शतकात घडलेल्या काही पेल्यांत पांढऱ्या रेघांची तिरपी जाळी दिसते आणि जाळीच्या प्रत्येक घरात हवेचा एकेक इवलासा बुडबुडा. या कामाला ‘रेतिचेल्लो’ म्हणतात. जुन्या घडणीची ओढ असलेले कारागीर आजही ते करतात.

सुरुवात कांड्यांपासून. वितळलेल्या पांढऱ्या काचेच्या गोळ्यावर पारदर्शक काच चढवतात. मग दोघे जण गोळ्याची दोन टोकं धरून एकमेकांपासून लांब चालत जातात आणि मधे बारीक कांडी ओढली जाते. निवताना दोन्ही काचा सारख्याच आकसल्या पाहिजेत, नाहीतर वस्तू तडकते. कांडीचे सारखे तुकडे करून शेजारी शेजारी मांडतात, तापवून जोडतात आणि फुंकनळीच्या टोकावरच्या गरम काचेभोवती चटई गुंडाळावी तसे गुंडाळतात. खालचं तोंड चिमटून पीळ दिला की रेघा तिरप्या होतात.

असे दोन फुगे लागतात. एकाचा पीळ उजवा, दुसऱ्याचा डावा. पहिल्याचं तोंड उघडून तो गरम ठेवतात आणि दुसरा त्याच्या आत नेऊन फुंकतात. खरी कसोटी इथेच आहे. कांड्या गोल असल्यामुळे दोन्ही फुग्यांवर त्यांचे उंचवटे असतात. रेघा एकमेकींना छेदतात तिथे काच आधी चिकटते आणि मधल्या खळग्यातली हवा कोंडली जाते. बुडबुडा कुणी भरत नाही! उंचवटे आधीच विरघळले, तर जाळी येते पण बुडबुडे येत नाहीत. त्यात काचेला ठरावीक वितळणबिंदू नसतो, ती हळूहळू मऊ होत जाते. योग्य क्षण ती नळीवर किती लवते यावरूनच ओळखायचा. मग आकार देऊन वस्तू सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवून सावकाश निववतात.

मुरानोची ही विद्या शतकानुशतकं बेटाबाहेर जाऊ दिली जात नसे. तिथेच जन्मलेले लिनो ताल्यापिएत्रा १९७९ साली अमेरिकेतल्या पिलचक काचशाळेत शिकवायला गेले, तेव्हा बेटावर नाराजी झाली. मला मात्र त्यांचं पाऊल मोलाचं वाटतं. हातातली विद्या शिकवल्यावाचून टिकत नाही.

मुरानोच्या काचसंग्रहालयात कधी गेलात, तर असा पेला बुडापाशी निरखून बघा. तिथे घरं सगळ्यात लहान होतात, आणि तिथेही बुडबुडे सारखे असतील, तर काम उस्तादाचं समजा.