आपला मेल सर्व्हर, परक्याची परवानगी

केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल एनआयसी या सरकारी संस्थेच्या जुन्या यंत्रणेवरून झोहोकडे गेल्याची बातमी २०२५ मध्ये आली आणि चर्चा रंगली ती स्वदेशीची. पत्ते सरकारीच राहिले, कंपनीही भारतीय. मग बिघडलं कुठे? टपालाचं सॉफ्टवेअर स्वतः निवडून स्वतः चालवणं एवढ्या मोठ्या घरालाही नकोसं झालं, हे खरं दुखणं. ही निवड कायमच होती असं नाही. १९८० च्या दशकात, जुहूच्या एनसीएसटी या संगणक संशोधन संस्थेतून आयआयटी मुंबईशी डायल-अपवर मेल सुरू झाली तेव्हा, युनिक्सवर एरिक ऑलमन यांच्या सेंडमेल या मेल सर्व्हरचंच राज्य होतं. निवडीला फारसा वाव नव्हता.

मेल सर्व्हरांची खरी चुरस १९९५ नंतरच्या दशकातली. हातखंबा तिठ्यावर मुंबई, गोवा की रत्नागिरी हे चालकाला ठरवावं लागतं. तसं कुणाचं पत्र घ्यायचं, कुठे धाडायचं, हे मेल सर्व्हरला ठरवावं लागतं. सेंडमेलमध्ये हे नियम लिहिणं म्हणजे शिक्षाच: टॅबच्या जागी स्पेस पडली तरी नियम कोलमडायचा. सेंडमेलमधल्याच एका फटीतून १९८८ चा मॉरिस वर्म हा स्वतःहून पसरणारा प्रोग्राम शिरला होता. डॅनियल बर्नस्टाइन यांनी आपल्या क्यूमेल या सर्व्हरची कामं छोट्या, परस्परांवर अविश्वास ठेवणाऱ्या प्रोग्रामांत वाटली आणि सुरक्षेतली चूक दाखवणाऱ्याला ५०० डॉलर देऊ केले. पण बदललेली प्रत वाटायला मनाई करून त्यांनी स्वतःच्याच कामाचा गळा आवळला; २००७ मध्ये हक्क सोडले तोवर उशीर झाला होता. केंब्रिजमध्ये फिलिप हेझल यांचं एक्झिम लवचीक निघालं. वीत्से व्हेनेमा यांच्या पोस्टफिक्सने १९९८ मध्ये क्यूमेलची शिस्त आणि वाचता येणारी सेटिंग्ज एकत्र आणली. तरी कुणाची पत्रं पुढे धाडायची हे सांगणाऱ्या ‘मायनेटवर्क्स’च्या ओळीत सैल आकडे पडले की कुणीही आपल्या सर्व्हरवरून स्पॅम पाठवणार आणि काळ्या यादीत नाव आपलं जाणार. त्या ओळीने जबाबदारी शिकवली.

आज पोस्टफिक्स एका कमांडने बसतं. पण अनेक क्लाउड कंपन्या मेल बाहेर पाठवण्याचं दार, पोर्ट २५, बंदच ठेवतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्याची ओळख पडताळणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कचे नियम कडक केले. स्पॅम आवरायला हे हवंच, असं कुणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. ही मानकं खुली आहेत, ती पाळता येतात. तक्रार त्यापुढची आहे. सगळं पाळूनही छोट्या सर्व्हरचं पत्र स्पॅममध्ये पडतं आणि कारण कळत नाही. मग लोक आपली पत्रं कुणामार्फत धाडायची हे सांगणाऱ्या ‘रिलेहोस्ट’च्या ओळीत बड्या कंपनीचं नाव घालून मोकळे होतात. छोट्या कार्यालयाने सर्व्हरसाठी रात्री जागाव्यात का, हा आक्षेपही रास्त. त्यांनी खुशाल सेवा विकत घ्यावी. पण विद्यापीठं आणि सरकारी खाती यांनीही हात झटकले, तर बड्यांना जाब विचारण्याइतकं जाणणारं कुणी उरणार नाही. पत्र नाकारण्याचं कारण लेखी द्या, ही सक्ती सरकारने बड्या कंपन्यांवर आधी करावी. आणि ती अर्थपूर्ण ठरावी म्हणून निदान एक सर्व्हर स्वतः चालवून दाखवावा.