थायरॉईडची गोळी, इन्सुलिन आणि दोन वेळचं जेवण: डाएट करताना घरात काय सांभाळायचं

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव. या पट्ट्यातल्या कुठल्याही वलीम्यात आता डाएटचा विषय निघतोच. कोणी दिवसातून दोनदाच जेवतंय, कोणी गहू-तांदूळ सोडून फक्त बाजरी-नाचणीवर आलंय, कोणी घरातलं मीठ बदलून सैंधव आणलंय, तर कोणी पहाटे उठून मेथीचं पाणी पितंय. बिर्याणीच्या ताटासमोर बसून या गप्पा होतात, ते एक सोडा. खाण्यावर लगाम घालावासा वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे.

पण त्याच घरांत थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली असते आणि फ्रीजच्या दारात इन्सुलिनचं पेन असतं. ही दोन्ही हार्मोन्स आहेत, म्हणजे शरीर स्वतः तयार करतं ते रसायन, जे कमी पडल्यामुळे बाहेरून घ्यावं लागतं. डाएट सुरू केलं की या औषधांचं काय करायचं, हे वलीम्यातल्या गप्पांत कोणी सांगत नाही. उलट "आता नैसर्गिक खाताय ना, मग गोळ्या कशाला?" असा सल्ला मिळतो. गडबड तिथूनच सुरू होते.

आधी महाराष्ट्रात सगळ्यात जास्त चालणाऱ्या डाएटबद्दल. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४ ते २००४) अनेक पदव्यांसाठी ओळखले जायचे. दोन वेळाच जेवण्याचा विचार त्यांनी आपल्या व्याख्यानांतून मांडला. तो पुढे घराघरांत नेला लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. कडक भूक लागेल अशा दोन वेळा ओळखायच्या, त्या वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवायचं, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा काळा चहा एवढंच घ्यायचं आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. यामागचा तर्क असा की प्रत्येक खाण्याबरोबर शरीर इन्सुलिन सोडतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी केल्या की इन्सुलिनही कमी वेळा सुटेल. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या आहारतज्ज्ञ थोडं थोडं, वेळेवर आणि आपल्या मातीतलं खा म्हणतात. यात कोण बरोबर, हा वाद इथे सोडवायचा नाही. ज्याच्या अंगात बाहेरून हार्मोन जातंय, त्याच्यासाठी या दोन पद्धतींचा अर्थ वेगळा होतो, एवढंच दाखवायचं आहे.

इन्सुलिन घेणाऱ्यांचं उदाहरण घ्या. इन्सुलिनचा डोस जेवणाच्या हिशेबाने ठरवलेला असतो. ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्याही शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. तीन वेळच्या जेवणावर ठरलेला डोस तसाच ठेवून एक जेवण काढलं, तर साखर धडकन खाली येऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी, उगाचच चिडचिड ही त्याची लक्षणं. साखर ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. तेव्हा "डाएट मोडेल" म्हणून थांबायचं नाही. रोज्यातसुद्धा साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं मधुमेहतज्ज्ञांचं स्पष्ट मार्गदर्शन आहे. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. आजारी माणसाला रोज्याची सवलत सूरह अल-बकरातच दिलेली आहे.

टाइप १ मधुमेहाची मुलं ही तर पूर्ण वेगळी बाब. त्यांच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही. कुठल्याही डाएटवर, कुठल्याही काढ्यावर त्यांचं इन्सुलिन बंद करायचं नाही. बंद केलं तर उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास आणि एक-दोन दिवसांत बेशुद्धी, जिवावर बेतू शकतं. अठराच्या आतली मुलं, गरोदर बायका आणि टाइप १ चे रुग्ण यांच्यासाठी दोन वेळच्या जेवणाचं डाएट नाहीच.

आता थायरॉईड, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. गळ्यातली फुलपाखरासारखी छोटी ग्रंथी थायरॉक्सिन तयार करते. ते कमी पडलं की वजन वाढतं, थंडी सोसत नाही, केस गळतात, पाळी बिघडते, अंगात जडपणा येतो. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही नावं ओळखीची असतील. त्यांत जे लेव्होथायरॉक्सिन असतं, ते शरीर बनवतं तेच रसायन. म्हणजे ही गोळी भरपाई आहे. "सवय लागेल" म्हणून ती सोडणं म्हणजे सवय लागेल म्हणून चष्मा काढून ठेवण्यासारखं.

गोळी घ्यायची ती रिकाम्या पोटी, फक्त पाण्यासोबत, आणि पुढे अर्धा ते एक तास काही नाही. डाएटवाल्या घरांत नेमकं हेच बिघडतं. जेवण ११ वाजता असलं तरी पहाटे मेथीचं पाणी, लिंबू-मध, काळा चहा, इसबगोल यातलं काहीतरी गोळीबरोबरच पोटात जातं. कॉफी, सोयाबीनचं दूध आणि तंतुमय पदार्थ ही गोळी नीट शोषू देत नाहीत. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांशी तर किमान चार तासांचं अंतर हवं. सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, घरी ती सगळ्या गोळ्या एकदमच तोंडात टाकते, आणि मग टीएसएच का उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत बसतात.

रमजानमध्ये काय करायचं? हे औषध शरीरात हळूहळू संपतं. निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे वेळ बदलली म्हणून लगेच काही बिघडत नाही. पर्याय तीन आहेत. इफ्तारला पाण्याबरोबर गोळी आणि अर्धा तास काही नाही. पण दिवसभराच्या रोज्यानंतर समोर खजूर आणि भजी असताना हे कोणाला जमणार! दुसरा, तरावीहनंतर झोपताना, मात्र शेवटचं खाणं होऊन तीन तास झालेले हवेत. तिसरा पर्याय आम्हाला सगळ्यात सोयीचा वाटतो: सहेरीसाठी उठल्याबरोबर. घरात सहेरी करणारी बाई तशीही सगळ्यांच्या आधी उठते. उठली की पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि मग तवा चढवायचा. तिने ताट वाढेपर्यंत अर्धा तास होऊन जातो. जी वेळ निवडाल ती महिनाभर तीच ठेवा आणि ईदनंतर काही आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्या.

बाजरीचं काय?

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं आणि भाकरीला पुन्हा मान आला. आपल्याकडे ती कधी गेलीच नव्हती म्हणा. जुन्नर-आंबेगावच्या पूर्वेच्या कोरडवाहू भागात बाजरी, पश्चिमेच्या डोंगरात भात, नाचणी, वरई. बाजरीतले काही घटक थायरॉईड ग्रंथीचं काम मंदावतात, हे खरं आहे. सुदानच्या दार्फुर भागात १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत बाजरी हेच मुख्य अन्न असलेल्या लोकांत गलगंड जास्त दिसला. पण तिथे आयोडीनची टंचाई होती आणि ताटात दुसरं फारसं नव्हतं. आपण डाळ, मटण, अंडी, भाजी खातो, आयोडीनचं मीठ वापरतो. अशा घरात भाकरी सोडायचं कारण नाही. कोबी-फ्लॉवरचंही तेच. मंचरच्या बाजारातला फ्लॉवर शिजवून खाल्ला तर चिंता नाही, रोज कच्च्या कोबीचा रस ग्लासभर पिणं मात्र टाळा.

खरी अडचण आहे ती मिठाची. आयोडीन नसलेलं खाण्याचं मीठ विकण्यावर देशभर बंदी आहे, ती २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. ग्राहकाच्या हातात पडताना मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन हवं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. सैंधव किंवा गुलाबी मीठ आरोग्याचं म्हणून आणलं जातं, पण पाकिटावर आयोडीनयुक्त असं लिहिलेलं नसेल तर त्यातून हे आयोडीन मिळत नाही. रोज फक्त बाजरी, वर सैंधव, वर कच्च्या भाज्यांचे रस असं सगळं एकत्र आलं की अर्धवट चालणाऱ्या थायरॉईडवर ताण येतो. चाट मसाल्यात सैंधव असू द्या, रोजच्या भाजीत आयोडीनचंच मीठ घाला.

"नैसर्गिक" म्हणजे कशाचं?

हे आपल्या वाचकांनी नीट वाचावं. परदेशातल्या डाएटवाल्यांमध्ये "नॅचरल थायरॉईड" नावाच्या गोळ्यांचं कौतुक असतं. आर्मर थायरॉईडसारख्या या गोळ्या डुकराच्या वाळवलेल्या थायरॉईड ग्रंथीपासून बनतात. ऑनलाइन मिळणारी "ग्लँड्युलर" नावाची पूरकं प्राण्यांच्या ग्रंथींचीच असतात, कुठल्या प्राण्याच्या ते डबीवर बारीक अक्षरांत असतं. म्हणजे ज्याला नैसर्गिक म्हणून जवळ करायचं तेच आपल्याला चालणारं नाही, आणि ज्याला केमिकल म्हणून नावं ठेवतो ते लेव्होथायरॉक्सिन प्रयोगशाळेत तयार केलेलं असतं. इन्सुलिनचीही तीच गोष्ट. पूर्वी ते गाय आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढायचे. १९८२ पासून मानवी इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टकडून बनवून घेतलं जातं आणि आज तेच सर्रास वापरात आहे. कॅप्सूलच्या आवरणातलं जिलेटिन हा प्रश्न वेगळा, त्यासाठी शाकाहारी आवरण किंवा साधी गोळी मागता येते.

वजन घटू लागलं की केस गळतात, मग मुली बायोटिनच्या गोळ्या, गमी सुरू करतात. जास्त प्रमाणातलं बायोटिन थायरॉईडचे रिपोर्ट चुकवू शकतं. टीएसएच खोटं कमी दिसतं, डॉक्टर गोळी कमी करतात आणि त्रास वाढतो. रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन थांबवा आणि घेत होता हे लॅबवाल्यालाही सांगा. व्हिटॅमिन डीसुद्धा शरीरात हार्मोनसारखंच काम करतं. त्याची ६० हजार युनिटची पुडी आठवड्याची असते. ती रोज खाल्ली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येतं.

वजन कमी करायला बहिणीची थायरॉईडची गोळी घेणाऱ्याही आहेत. ज्यांचा थायरॉईड ठीक आहे त्यांनी ती घेतली तर छाती धडधडते, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात. अमेरिकेत तर या औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत छापलेलं असतं की हे वजन कमी करण्यासाठी नाही.

आणि सगळ्यात नाजूक बाब गरोदरपणाची. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर चालते. म्हणूनच दिवस गेले की गोळीची गरज बहुतेक बायकांत चौथाई ते निम्म्याने वाढते. नेमक्या याच काळात मळमळ होते, काही खावंसं वाटत नाही, आणि घरातलं कोणीतरी "पोटात बाळ आहे, गोळ्या नको, काढा दे" म्हणतं. सासूबाईंचा हेतू चांगलाच असतो. पण ही गोळी बंद करणं म्हणजे बाळाच्या तोंडचा घास काढणं आहे. पाळी चुकली आणि चाचणीत दोन रेघा दिसल्या की पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठायचं. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय असो की जुन्नर-घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, "मी थायरॉईडची गोळी घेते" हे पहिलं वाक्य असू द्या. उलटीत गोळी लगेच पडली तर काय करायचं, तेही तेव्हाच विचारून घ्या.

डाएट यशस्वी झालं आणि वजन बरंच उतरलं, तर डोसही बदलावा लागू शकतो, कारण तो वजनाच्या हिशेबाने ठरतो. डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं, त्याआधीचा आकडा खरं चित्र दाखवत नाही. आणि गोळ्यांची बाटली गॅसशेजारच्या फळीवर ठेवू नका, उष्णतेने आणि वाफेने गोळीचा जोर कमी होतो. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कोरड्या कपाटात ठेवा.