सड्यावरची सायकल

रत्नागिरीहून सायकलीने कशेळीला जाऊन दिवस मावळेतो परतावयाचे, तर जाऊन-येऊन 60-70 किलोमीटर पडतात. नकाशावर ही वाट किनाऱ्याची, म्हणून सपाट वाटते. पण आंबा घाट एकदा चढला की संपतो. येथे भाट्याचा पूल ओलांडून गोळपच्या सड्यावर चढावयाचे, पावसला उतरावयाचे, पूर्णगडची खाडी ओलांडून पुन्हा कशेळीचा सडा! जांभ्याचे हे पठार काजळी, मुचकुंदी या नद्यांनी कापून काढले आहे.

उताराचा वेग पुढच्या चढाला का पुरू नये? वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. उरलेला वेग वळणावर ब्रेक खातात. स्वार आणि सायकल मिळून 90 किलो धरले, तर 100 मीटर चढण्यास सुमारे 85 उष्मांक लागतात, म्हणजे एक केळे.

पाण्याचे गणित मात्र निराळे. जांभा सच्छिद्र, पाऊस त्यात मुरतो आणि पायथ्याशी झरतो. म्हणून विहिरी, माड, वस्ती सारे खाली. वर चैत्रात सावलीसुद्धा नाही. आम्ही एकदा गावखडीला बाटली भरावयास विसरलो. कशेळीचा देव कनकादित्य, म्हणजे सूर्यच. त्याचे दर्शन त्या दिवशी वाटेतच पुरेसे झाले.