आरशाचा कल आणि कॅमेऱ्याची नजर

बिलोलीतल्या एखाद्या अंगणात दुपारच्या वेळी पोरं आरशाने उन्हाचा कवडसा समोरच्या भिंतीवर पाडतात. मनगट जरा वळलं, की कवडसा थेट छपरावर. आरसा जितका कलतो, त्याच्या दुप्पट कोनात किरण वळतो. आज मी ज्या उपकरणाविषयी बोलणार आहे, ते या दुपटीवरच चालतं. त्याचं नाव ऑटोकॉलिमेटर.

नाव अवघड, रचना सोपी. नळीत दिव्याने उजळलेली एक फुली असते. तिचे किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात, समोरच्या आरशावरून परततात आणि फुलीची प्रतिमा पुन्हा नळीत उमटते. आरसा काटकोनात असेल तर ती खुणेवर बसते, कललेला असेल तर बाजूला सरकते. पूर्वी हे सरकणं डोळा लावून, बारीक आट्यांचा स्क्रू फिरवत मोजायचे. डोळा शिणायचा आणि दोघांची मोजणी जुळेलच असं नसे.

आता डोळ्याच्या जागी कॅमेरा बसवतात. भिंगाचं नाभीय अंतर अर्धा मीटर धरा. आरसा एक विकला, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागाइतका कलला, तर प्रतिमा जेमतेम ५ मायक्रॉन सरकते. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल असतोच साधारण तेवढा! मग त्याहून बारीक कसं मोजायचं? प्रतिमा अनेक पिक्सेलांवर पसरलेली असते. कुठे किती उजेड पडला हे पाहून संगणक तिचा मध्य काढतो आणि पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत सहज पोचतो. हवेमुळे प्रतिमा थरथरते, म्हणून अनेक चित्रांची सरासरी घेतात. उजेड मात्र बेताचाच हवा, पिक्सेल काठोकाठ भरले की मध्य चुकतो. कॅमेरा तापतानाही प्रतिमा हलते, त्यामुळे तो सुरू करून थोडं थांबावं लागतं. माझ्या मते ही शिस्त महागड्या कॅमेऱ्याहून मोलाची.

एवढी बारकाई कशासाठी? नांदेड ओलांडून पुढे गेलं की हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ लागतं. तिथल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिचे दोन बाहू प्रत्येकी ४ किलोमीटरचे. अशाच अमेरिकी वेधशाळांत काचतंतूंवर टांगलेले ४० किलोंचे आरसे आहेत. असा आरसा एक विकला कलला, तर ४ किलोमीटरवर लेसरचा ठिपका जवळपास ४ सेंटिमीटर सरकतो, आणि समोरचा आरसा असतो अवघा ३४ सेंटिमीटर रुंद. तिथे आरसे बसवताना ऑटोकॉलिमेटर लावतात आणि पुढे वेधशाळा चालू असताना आरशांवरच्या ठिपक्यांकडे कॅमेरे पाहत राहतात.