तलाव तापवायचा, पण यंत्र केवढं?

डिसेंबर उजाडला की पुण्या-नाशिकातल्या सोसायट्यांचे पोहण्याचे तलाव ओस पडतात. दुपारी ऊन चांगलं असतं, पण रात्री पारा इतका उतरतो की सकाळी पाण्यात पाय घालवत नाही. मग कमिटीच्या मीटिंगमध्ये हीटरचा विषय निघतो आणि चौकशी सुरू होते ती एकाच प्रश्नाने: तलाव किती लिटरचा? तेवढ्यावर यंत्र निवडलं तर हमखास फसगत होते.

समजा, तलाव 12 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल आहे. पाणी झालं सुमारे 86,000 लिटर. हजार लिटर पाणी एका अंशाने तापवायला 1.16 युनिट उष्णता लागते. म्हणजे 22 अंशांवरून 28 वर न्यायला 600 युनिट. दोन दिवसांत काम उरकायचं तर साडेबारा किलोवॅटचा हीटर पुरे, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात पाणी 28 ला टेकायला कितीतरी जास्त दिवस लागतात, कारण भरलेली उष्णता पृष्ठभागावरून निघून जात असते.

एक लिटर पाण्याची वाफ होते तेव्हा जवळपास 0.67 युनिट उष्णता तिच्याबरोबर जाते. या तलावाची पातळी बाष्पीभवनाने नुसती एक मिलिमीटर उतरली, तरी 48 युनिट गेले आणि उरलेलं पाणी अर्ध्या अंशाने गार झालं! कोरड्या हवेत, वाऱ्यावर दिवसाला चार मिलिमीटर धरले तर रोजचे 190 युनिट. उघड्या तलावाची सुमारे 70 टक्के उष्णता याच वाटेने जाते. म्हणून लिटरच्या आधी पृष्ठभाग मोजावा, आणि हीटरच्या आधी तरंगतं कव्हर घ्यावं. त्याने तापवण्याचा खर्च निम्म्यावर येतो. हे कव्हर रोज घालायला-काढायला माणूस नेमावा लागला तरी तो पैसा वसूल होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे हीट पंप सर्वांत सोयीचा. तो हवेतली उष्णता पाण्यात आणतो; हवा उबदार असेल तर एका युनिट विजेत चार-पाच युनिट उष्णता मिळते. मात्र माहितीपत्रकातला आकडा बहुधा 26 अंशांच्या दमट हवेतला असतो. पहाटेच्या थंडीत तोच पंप बराच कमी पडतो. त्यामुळे पहिले काही दिवस तो रात्रंदिवस चालवावा, पुढे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. कव्हर असेल तर, दुपारच्या उन्हाची मदत धरून, रोजची तूट 95 युनिटांच्या आसपास राहते. आठ तासांत ती भरायला 12 किलोवॅट लागतात. थोडी सवड ठेवून 16-17 चा पंप घ्यावा. इथे आकडा उष्णतेचा बघायचा, पंप खातो त्या विजेचा नव्हे.

देखभालीत पाण्याचा पीएच सर्वांत महत्त्वाचा. तो 7.2 ते 7.6 राखावा. खाली गेला तर तांब्याच्या नळ्या झिजतात, वर गेला तर बोअरच्या जड पाण्याचा क्षार आत बसतो. क्लोरीन हीटरच्या पुढच्या पाइपात सोडावं. त्याच्या गोळ्या स्किमरमध्ये, म्हणजे तलावाचं वरचं पाणी ओढून घेणाऱ्या तोंडात, टाकल्या की तीव्र आम्ल पाणी थेट यंत्रात शिरतं. पंप बंद खोलीत बसवला तर तो स्वतःच गार केलेली हवा पुन्हा ओढत राहतो. पंपाच्या धातूच्या पट्ट्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढावी. खाली पाणी ठिबकताना दिसलं तर लगेच गळती समजू नये, ते हवेतलं दवही असतं. त्या पाण्यावर क्लोरीनची चाचणी करावी. रंग आला तरच मेकॅनिकला बोलवावं.