वॅटचा आकडा, कानाचा कौल

नोकरी, मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते यांतून मोकळे झाल्यावर अनेकांना एक जुनी हौस पुन्हा खुणावू लागते. घरच्या निवांत खोलीत उत्तम संचावर मनसोक्त संगीत ऐकण्याची. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, कोलकात्याचा चांदनी चौक असो वा चेन्नईची रिची स्ट्रीट, दुकानात पाऊल ठेवताच ग्राहकाच्या कानी पडतो तो बहुधा वॅटचा आकडा. त्या आकड्याला भुलून घेतलेला संच घरी वाजू लागला की खोली दणाणते, पण तानपुरा मात्र हरवतो. वर्षानुवर्षे राखून ठेवलेली हौस अशी फसू नये, यासाठी काही गोष्टी आधीच जाणून घेणे हिताचे ठरते.

आकड्यांचा अर्थ

खोक्यावरचा ‘पीएमपीओ’ हा आकडा क्षणभराच्या कमाल शक्तीचा दावा असतो. त्याला सर्वमान्य मोजमाप नाही. पाहावी ती सातत्याने मिळणारी ‘आरएमएस’ शक्ती. तीही दुप्पट झाली, तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. आवाज दुप्पट भासण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते.

आधी स्पीकर

संचाचा स्वभाव ठरतो तो मुख्यतः स्पीकरमुळे. म्हणून अंदाजपत्रकातील निम्मा वा त्याहून थोडा अधिक वाटा स्पीकरसाठी राखणे श्रेयस्कर. १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, ती त्याची संवेदनक्षमता. ९० डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा आवाज देईल, तेवढ्यासाठी ८४ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॅट लागतील.

मग जोडीदार

४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या स्पीकरपेक्षा ॲम्प्लिफायरकडून जवळपास दुप्पट विद्युतप्रवाह मागतो. तो भार पेलण्याची क्षमता ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात नमूद आहे ना, हे पडताळावे. शक्ती कमी पडत असताना आवाज ताणत राहिल्यास ध्वनी विकृत होतो आणि तार सूर देणारा नाजूक ट्वीटर जळू शकतो. याचा अर्थ अफाट शक्ती हवी असा नव्हे. मध्यम खोलीत एरवी काही वॅट पुरतात, उरलेली शक्ती तबल्याच्या जोरकस थापेसारख्या क्षणांसाठी राखीव असते.

खोलीही वाजते

काँक्रीटच्या भिंती आणि उघडी फरशी यांमुळे आवाज घुमतो. सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांचे कपाट तो बराच आवरतात. स्पीकर कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज फुगतो. भिंतीपासून एक-दोन फूट पुढे घेतल्यास तो मोकळा होतो. दोन स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा आणि ट्वीटर कानाच्या उंचीवर असावा.

अखेरचा कौल

दुकानात जाताना पूर्ण परिचयाचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. दोन संचांची तुलना समान आवाजावरच करावी, कारण थोडा मोठा आवाज कानाला उगाचच अधिक चांगला वाटतो. गायिकेचा श्वास, तानपुऱ्याची जवारी आणि डग्ग्याची घुमक वेगवेगळी ओळखू येते का, हे शांतपणे ऐकावे. शक्य असल्यास संच घरी वाजवून पाहण्याची मुभा मागावी.

अर्धा तास ऐकूनही कान थकले नाहीत आणि पुढचा राग लावण्याची इच्छा झाली, तर निवड योग्य झाली असे खुशाल समजावे. मग खोक्यावरचा आकडा लहान असला तरी चालेल.