हरताळ, हिंगूळ आणि मनमाडचा काळा खडक

अंकाई-टंकाईच्या कड्यांपासून हडबीच्या शेंडीपर्यंत मनमाडच्या भोवती जिथे पाहावं तिथे काळा बेसॉल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यांचाच हा दगड. धातू आणि गंधक यांच्या संयोगातून बनणारी सल्फाइड खनिजं त्यात असतात ती बारीक कणांत विखुरलेली. तांब्याशिशाची खाण काढावी असा साठा या परिसरात नाही. सैबेरियातही असाच लाव्हाचा प्रदेश आहे, पण तिथे नोरिल्स्कजवळ वर येणाऱ्या शिलारसाने वाटेतल्या गाळाच्या खडकांतलं गंधक सामावून घेतलं आणि निकेल-तांब्याची सल्फाइडं तळाशी जमा झाली. आपल्या खडकाला ते भाग्य लाभलं नाही. तरीही मनमाडच्या बोलण्यात एक सल्फाइड नेहमी येतं. ‘नियमांना हरताळ फासला’ असं आपण म्हणतो, तो हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळंधमक खनिज. पोथी लिहिताना चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळाचा लेप फासत आणि सुकल्यावर वर नवी अक्षरं लिहीत. ‘आज बाजारात हरताळ’ यातला शब्द मात्र वेगळा. तो हाट आणि ताळा, म्हणजे बंद दुकानाच्या कुलुपातून आलेला.

खडकात नसलेलं खनिज भाषेत आलं ते व्यापारातून आणि वापरातून, आणि म्हणूनच अशा खनिजांच्या नावांत वापरणाऱ्याची नजर टिकून आहे. संस्कृत ‘हरिताल’मधल्या ‘हरि’त पिवळेपणा आहे. ‘माक्षिक’ म्हणजे मध. मधाच्या रंगाचा चकाकता दगड म्हणून सुवर्णमाक्षिक. त्यापासून तांब्यासारखं तांबडं सत्त्व निघतं असं रसग्रंथ सांगतात, आणि ते खोटं नाही, कारण सुवर्णमाक्षिक म्हणून ओळखलं जाणारं चाल्कोपायराइट हे तांबं, लोह आणि गंधक यांचंच बनलेलं असतं. हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड, तापवला की पारा निघतो. आर्सेनिकचंच दुसरं सल्फाइड असलेली लालसर मनशीळ उजेडात राहिली की तिची पिवळी भुकटी होते. पाठ्यपुस्तकांनी ही नावं टाकून नुसती लिप्यंतरित नावं ठेवली, तर मुलांच्या हाती शब्द येतो, पण त्यातला रंग निसटतो. ही नावं खनिजशास्त्राच्या धड्यात परत यायला हवीत असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर आक्षेप येतो की जुनी नावं फसवी आणि सैल आहेत. सुवर्णमाक्षिकाचं नाव सोन्याचं, घटक मात्र तांब्याचे; आणि ‘माक्षिक’ एकाहून जास्त खनिजांना लागू होतं. आक्षेप खरा आहे, पण तो युरोपीय नावांनाही तितकाच लागू पडतो. ग्रीक ‘पायराइट’ म्हणजे अग्नीचा दगड. घासल्यावर ठिणगी देणाऱ्या वेगवेगळ्या दगडांना ते नाव होतं, विज्ञानाने ते पुढे लोहाच्या एका सल्फाइडापुरतं आवळलं. जस्ताचं खनिज स्फॅलेराइट, त्याच्या नावाचा अर्थच ‘फसवं’ असा, कारण ते शिशाच्या गॅलेनासारखं दिसे आणि त्यातून शिसं काही निघत नसे. पेंटलंडाइट आणि बोर्नाइट तर माणसांच्या नावांवरून आलेली. त्यांत दगडाबद्दल एक अक्षरही नाही. सैल शब्द नेमका करता येतो हे पायराइटने दाखवलं, मग माक्षिकाला ती सवलत का नको?

सुरम्याच्या बाबतीत मात्र माझा आग्रह उलटा आहे. हा फारसी शब्द अँटिमनीच्या सल्फाइडाशी जोडला जातो, पण सुरमा म्हणून विकली जाणारी पूड पुष्कळदा गॅलेनाची, म्हणजे शिशाची असते, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. तिथे जुन्या नावाशेजारी घटकाचं नाव छापलंच पाहिजे. पण त्याच न्यायाने घटकाशेजारी जुनं नावही छापता येतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासना इथे तांब्याचं खनिज आहे. त्याबद्दलच्या धड्यात ‘चाल्कोपायराइट’च्या पुढे ‘सुवर्णमाक्षिक’ एवढा एक शब्द आला, तर मनमाडच्या काळ्या दगडांत वाढलेल्या मुलीलाही न पाहिलेल्या त्या खनिजाचा रंग कळेल: मधासारखा पिवळा.